जळाली ती पेशी कोणाची

नवेगाव बांध
२८ डिसेंबर २०२४

संघदीप, जयभीम.

ज्यांच्या बोटाला सुई टोचून रक्त नेलं जातं आणि त्या रक्तात काय सापडलं ते ज्यांना सांगायला कधीच कोणी परत येत नाही, अशा माणसांकडून हे पत्र आहे. त्या माणसांतच तू जन्मलास. आपल्या आईचं रक्त दोनदा नेलं. काकाचं नेलं. माझं शाळेच्या ओट्यावर रांगेत उभं करून नेलं. नेणारे गाडीत बसले, धूळ उडाली, संपलं. हातात सिकलसेलचं कार्ड राहिलं, आणि ते कार्ड पाहून आपल्या मुलींची जुळलेली लग्नं मोडली. ही तक्रार तू माझ्या मांडीवर बसून ऐकलेली आहेस. म्हणून त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला तू सुई घेऊन उभा राहिलास तेव्हा मला वाटलं, आता आपला माणूस आला, आता उत्तर मिळेल.

मिळालं. माझी खुशबू सात डिसेंबरला गेली. एकोणीस वर्षांची होती. तू तिचा सख्खा मामा.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून कागद काढला. तुझ्या बेंगळुरूच्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. तिथं तुझ्या टेबलावर सगळ्यांसमोर हे पाकीट येऊन पडावं.

बंद पडलेल्या राईस मिलच्या ऑफिसात तू ते यंत्र मांडलंस. खिडक्यांना काळे पडदे लावलेस. गावानं विचारलं, काळे पडदे कायले? तू म्हणालास, बाहेरचा उजेड आत आला तर काम बिघडते. मला तू किती आनंदानं समजावलं होतंस. "ताई, आजवर सारे पेशीले रंग लावून पाहतेत. रंग लावला का पेशी मरते. मेलेलीचा फोटो काढतेत अन् जिवंतचं सांगतेत. आपल्याले रंगच नाही लागत. नुसता उजेड टाकायचा. बहुतेक उजेड जसा गेला तसाच परत येते, कोटीतला एखादा कण रंग बदलून येते. तो कण सांगते, मी कोणत्या रेणूवर आदळलो. हिमोग्लोबिनजवळ प्राणवायू आहे का संपला, पेशी कोयत्यावाणी वाकून राहिली का, सारं ती जिवंत असताना दिसते. कोणाच्या रक्ताले कोणतं औषध मानवते ते एका थेंबात समजन." मी शाळेत विज्ञान शिकवते. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. मीच घरोघर जाऊन माणसं पाठवली.

तीन डिसेंबरला मी खुशबूला घेऊन आले. तुझ्या मदतनीसानं, हिमांशुनं, तिच्या बोटाला टोचलं. स्क्रीनवर एक पेशी दिसत होती. गोल, जिवंत, कडेनं किंचित थरथरणारी. मी विचारलं, "उजेड जास्त दिला तर काय होतं?" हिमांशुनं एक बटण फिरवलं. पेशीच्या मधोमध काळा डाग पडला. ती आक्रसली, फुगली, फुटली. दोन सेकंद लागले असतील. खुशबू हसून म्हणाली, "आई, मेली ते." चार दिवसांनी ती मेली.

मला सांग, मी काय बोलायला हवं होतं?

पंधरा तारखेला तिच्या पुण्यानुमोदनाच्या मंडपात मी माइक घेतला. लोकांना वाटलं, आई आहे, रडेल. मी रडले नाही. बावीस मिनिटं बोलले. त्यानंतर लोक उठून मिलकडे गेले ते आपापल्या पायांनी गेले. मी मंडपातच होते. हिमांशुचा डावा डोळा गेला याचं वाईट वाटतं, पण जमावाच्या हाताला डोळे नसतात. यंत्र फुटलं याचं वाईट वाटत नाही. पुन्हा आणलंस तर पुन्हा फुटेल. आम्ही मेलेली माणसं मोजत बसलो, तुम्ही आमच्या पेशी मोजत बसलात, हे आता चालणार नाही.

बेंगळुरूला जाताना तू आपल्या घराच्या फाटकात उभा राहून एकच वाक्य बोललास. "ताई, आजपासून तुहं भाषण मी ऐकणार नाही." नको ऐकूस. वाच.

मंडपवाला रोशन रोज येऊन माइकचा लोखंडी स्टँड मागतो. हरवला म्हणून सांगितलं. गर्दीत काय काय हरवतं.

तुझी ताई
अल्का

•

नवेगाव बांध
११ जानेवारी २०२५

संघदीप,

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मला श्रोत्यांच्या टाळ्यांची सवय आहे, शांततेचीही करून घेईन.

उमेंद्रला पोलिसांनी धरलं. तुला तो आठवत असेल. माझा जुना विद्यार्थी, आता ऑटो चालवतो. त्याच्या चार वर्षांच्या मुलीला सिकलसेल आहे. मंडपात तो पहिल्या रांगेत, तुझ्या शेजारी बसला होता. त्याच्या ऑटोच्या सीटवर रक्त सापडलं, हँडलवर सापडलं, शर्टावर सापडलं. सगळं हिमांशुचं. बाकी सगळे फिर्यादीत 'अज्ञात जमाव' आहेत. नाव एकट्याचं. तो भंडाऱ्याच्या जेलात आहे.

काल त्याची बायको पुष्पांजली आली. दारातच बसली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"मॅडम, ते हिमांशुले ऑटोत टाकून दवाखान्यात नेत होते जी. ज्यानं मारलं तो कायले नेते दवाखान्यात?"

"मग त्यानं पोलिसांना तसं सांगायचं."

"सांगतलं ना. ते म्हणतेत, मंग मारलं कोणं ते सांग. तं हे चूप. भेटीले गेली तं मले म्हणते, मॅडमले विचार." ती वर पाहून म्हणाली, "काय विचारू मॅडम?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

ती उठली. पदर झटकला. "तुम्ही मास्टरीन आहा. आमच्या घरात तुमचा फोटो आहे. यायनं लावला आहे." एवढं बोलून गेली. मी दार लावून घेतलं, तरी ती समोरच्या कडुनिंबाखाली बराच वेळ उभी होती.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मी मंडपातच होते. ते खरं नाही. मी मिलच्या फाटकापर्यंत गेले होते. मागं उभी होते. तुला चार जणांनी मंडपाच्या खांबाशी दाबून धरलं होतं, त्यामुळं तिथं काय झालं ते तुला माहीत नाही. मी सांगते.

आधी दगड आले. खिडक्यांच्या काचा आत कोसळल्या आणि काळे पडदे बाहेर लोंबकळू लागले, तसा लोकांना चेव आला. कोणी एका जातीचे नव्हते ते. सिकलसेल ज्यांच्या घरात आहे त्या सगळ्या टोल्यांचे, वाड्यावस्त्यांचे हात होते. दार खांद्यानं तोडलं. इन्व्हर्टरची बॅटरी अंगणात आपटली, त्यातलं आम्ल एकाच्या पायावर सांडलं आणि तो भाजून किंचाळला, तर लोकांना वाटलं यंत्रच चावलं. मग कुऱ्हाडी आल्या. स्लाइडच्या डब्यांवर लोक नाचले. काच मोडते तो आवाज तुला माहीत आहे. पायाखाली मोडते तेव्हा तो वेगळा असतो, ओला. आपल्या शेजारची धुरपताबाई, सत्तर वर्षांची, जिनं खुशबूला न्हाऊ घातलं, ती मुसळ घेऊन आली होती. दरवाजाच्या चौकटीवर हाणत होती आणि ओरडत होती, "मांत्रिक केस नेते, नख नेते, या भडव्यायनं रक्त नेलं! पोरीचं रक्त जाळलं, म्हणून पोरगी जळली!"

वीस वर्षं मी याच बोलण्याविरुद्ध गावोगाव फिरते आहे. करणीच्या संशयावरून झोडपलेल्या बायकांना मी माझ्या स्कूटरवर बसवून ठाण्यात नेलं आहे. त्या दिवशी धुरपताबाईला मी गप्प केलं नाही. कारण ते वाक्य तिचं नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी मी माइकवरून दिलेलं होतं.

पण बोलणं आणि मारणं यात फरक असतो. मी मागं उभी होते. हे मी तुला पुन्हा एकदा सांगते.

अल्का

•

नवेगाव बांध
२६ जानेवारी २०२५

संघदीप,

आज शाळेत झेंडावंदन झालं. हेडमास्तरांनी माइक पुढं केला. मी नको म्हटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

परवा मी चोरखमाऱ्याला गेले होते, हिमांशुच्या घरी. का गेले ते विचारू नकोस. पुष्पांजली रोज कडुनिंबाखाली येऊन उभी राहते. काही बोलत नाही. भांडली असती तर मी तिला हरवलं असतं.

अंगणात त्याचे वडील मनिराम खाटेवर बसले होते. मला पाहून उठले नाहीत. म्हणाले, "आमच्या आज्या-पणज्यायनं या भागात तलावं बांधले. तलावाच्या पाळीले, बांधाले भगदाड पाडणारे चोर पाहिले होते. दिवसाढवळ्या, भाषण देऊन पाडणारे पहिल्यांदा पाहिले."

आतून हिमांशुचा आवाज आला. "बाबा, चूप राहा ना जी. मॅडमची पोरगी गेली."

तो भिंतीला टेकून बसला होता. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, गालापासून कानापर्यंत टाके. एकतीस वर्षांचा माणूस, आणि पेला उचलायला हात पुढं केला तर पेल्याच्या बाजूला चार बोटं अंतरावर बोटं मिटली. त्याची आई सुमित्राबाई पेला उचलून त्याच्या हातात देत होती, आणि प्रत्येक वेळी दुसरीकडं पाहत होती. मलाही चहा दिला. मी प्यायले. तो चहा मी कसा प्यायले ते मलाच माहीत.

त्याला काही आठवत नाही. काचा फुटल्या, तिथवर आठवतं. कोणी मारला, माहीत नाही. ऑटोत कोणी घातलं, माहीत नाही. "कोणी का असे ना मॅडम," तो म्हणाला, "मारणाऱ्याले मी ओळखत नाही अन् वाचवणाऱ्यालेबी. दोघायले एकदा पाहायचं आहे. आता एकाच डोळ्यानं पाहा लागन." आणि हसला. टाके ओढले गेले म्हणून थांबला.

मी त्याला विचारलं. मला विचारायचंच होतं. मी म्हटलं, "हिमांशु, त्या दिवशी तू खुशबूची पेशी का जाळलीस?"

तो म्हणाला, "खुशबूची?"

"मी पाहिली. स्क्रीनवर."

"ते माही होती ना मॅडम!"

तो मला समजावू लागला, तुझ्यासारखाच, हात हलवून. "दररोज सकाळी पहिले माह्या बोटाले टोचतो. हिमोग्लोबिन हिरवा उजेड लय पिते. जास्त झाला का पेशी जळते. किती उजेडात जळत नाही, ते कोणाच्या तरी रक्तावर पाहा लागते ना? तं माह्याच रक्तावर पाहतो. उजेड वाढवत नेतो, जळली का तिथून खूप खाली आणतो, मंग पेशंटची स्लाइड ठेवतो. संघदीप सरांचा नियम आहे, पेशंटची एकबी पेशी जळाली नाही पायजे. जळायची तं आपली." मग चेहरा पाडून बसलेल्या आईला हसवायला म्हणाला, "देवीले कोंबडं, मशीनीले हिमांशु. रोजचा बळी होता आमचा."

"पण तिच्या बोटाला नुकतं टोचलं होतं."

"तिची स्लाइड बनवून डब्यात ठेवली होती. मशीनवर माहीच होती. तुम्ही विचारलं जास्त दिला तं काय होते, मी म्हटलं दाखवून देऊ, माहीच तं आहे. सांगाचं राहून गेलं. तुम्हाले काय वाटलं?"

त्याचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता. मी त्याची बोटं पाहिली. चारही बोटांची टोकं बारीक काळ्या ठिपक्यांनी भरली होती. एका ठिपक्यावर दुसरा, त्यावर तिसरा. तुम्ही दीड वर्ष तिथं काम केलंत. दीड वर्ष, दररोज सकाळी, हा माणूस आमच्या पेशी जळू नयेत म्हणून आपल्या जाळत होता.

फाटकाशी मनिराम म्हणाले, "बाई, तुम्हाले बोलता चांगलं येते. आता बोलून दाखवा."

बसमध्ये बसल्यावर मी तिकीट न काढताच खिडकीच्या दांडीला डोकं टेकवलं. कंडक्टरनं पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "मॅडम, तब्येत सांभाळा, चौदा एप्रिलले आमच्या गावी यायचं आहे भाषणाले."

अल्का

•

नवेगाव बांध
४ फेब्रुवारी २०२५

संघदीप,

तुझं पाकीट मिळालं. पत्र नव्हतं. एक चित्र होतं आणि मागं तुझ्या अक्षरातल्या चार ओळी. 'खुशबू. ३ डिसेंबर. नऊ पेशी, चाळीस मिनिटं, रंग न लावता. प्राणवायू काढला, आठ वाकल्या. परत दिला, सात पुन्हा गोल झाल्या. एकही जळाली नाही.'

चित्र मी भिंतीला लावलं आहे. निळ्या ठिपक्यांतून उगवलेल्या नऊ पेशी. माझी लेक तिच्या बोटातून बाहेर पडून, काचेवर, चाळीस मिनिटं श्वास घेत होती आणि सोडत होती, आणि तुम्ही दोघं ते जपून टिपत होता. हिमांशु म्हणाला होता, ही चित्रं साठवलेली डिस्क कशी वाचली ते त्याला कळत नाही. मला कळतं. आता मी सांगते आणि मधे थांबत नाही.

मी मंडपात नव्हते. मी फाटकातही नव्हते. मी सगळ्यांच्या पुढं होते. माइक मंडपात टाकला, पण स्टँड माझ्या हातातच राहिला होता. लोखंडी, बुडाला जड. दार तुटलं तेव्हा पहिलं पाऊल माझं आत पडलं. हिमांशु यंत्रावर पालथा पडला होता, दोन्ही हातांनी त्याला कवटाळून. त्याच्या पाठीवर दगड पडत होते आणि तो ओरडत होता, "मॅडम, यात खुशबूच्या पेशी आहेत! मॅडम, यात खुशबू आहे!"

मी ते ऐकलं. नीट ऐकलं. ऐकूनच स्टँड उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. कोण मारतंय ते पाहायला त्यानं मान वळवली, आणि दुसरा त्याच्या चेहऱ्यावर बसला. स्टँडच्या बुडाची कड डोळ्यात गेली. मी ओढून काढली. तो यंत्रावरून घसरला, तरी त्याचा एक हात डिस्कच्या पेटीला धरून होता, म्हणून तुझी डिस्क वाचली. मी तिसऱ्यांदा हात वर केला तेव्हा कोणीतरी माझं मनगट धरलं. उमेंद्र. "मॅडम, पाया पडतो, सोडा. मरून जाईन तो." मी त्याच्या हाताला चावले, संघदीप. माझ्याच विद्यार्थ्याच्या हाताला मी दातांनी फाडलं. त्यानं हात सोडला नाही. मग त्यानं हिमांशुला, हातातल्या पेटीसकट, खांद्यावर टाकलं आणि पळाला. त्याच्या शर्टावरचं सगळं रक्त हिमांशुचं नाही. मनगटाजवळचं त्याचं स्वतःचं आहे. मी काढलेलं.

मी तलावावर गेले, स्टँड धुतला आणि घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली पाण्यात ढकलला. मग घरी येऊन भेटायला आलेल्या बायकांना चहा दिला.

आता त्याहून वाईट. तू म्हणशील, ताई दुःखानं वेडी झाली होती, तिला खरंच वाटलं की त्या उजेडानं खुशबू जळाली. नाही. सहा डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनाला, मी दरेकशाच्या सभेत होते. विषय अंधश्रद्धा. तिथं मी हात उंचावून सांगितलं, कोणी तुमचे केस नेले, नख नेलं, रक्ताचा थेंब नेऊन जाळला, तरी तुमच्या अंगाला धक्का लागत नाही; शरीरातून बाहेर पडलं ते बाहेर पडलं. टाळ्या पडल्या. हे मला येत होतं, मला पटलेलं होतं, आणि नऊ दिवसांनी मी त्याच तोंडानं त्याच्या उलट बोलले. धुरपताबाईनं ते वाक्य विश्वासानं उचललं. मी विश्वासाशिवाय दिलं होतं.

का दिलं, ते आजवर कोणाला सांगितलं नाही. सहा तारखेला सकाळी अकराला, मी व्यासपीठावर चढत असताना, खुशबूचा फोन आला होता. "आई, छातीत दुखून राहिलं. श्वास लागून राहिला." सिकलसेलच्या पोरीच्या छातीत दुखलं तर एक तास थांबायचं नसतं, हे मी शंभर घरांत जाऊन सांगितलं आहे. मी तिला म्हटलं, "गोळी घे, भरपूर पाणी पी, सभा संपली की निघते." सभा संपली. पुढच्या गावचे लोक गाडी घेऊन आले होते, म्हणाले, ताई, अर्धा तास. मी गेले. अर्ध्या तासाचे दोन झाले, शेवटची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तेव्हा धुरपताबाई तिला दवाखान्यात घेऊन बसली होती आणि डॉक्टर म्हणाले, काल दुपारी आणलं असतं तर. तो 'तर' घेऊन मी आठ दिवस घरात फिरले. तो कोणाच्या तरी डोक्यावर आपटल्याशिवाय मला जगता येत नव्हतं. हिमांशुचं डोकं समोर होतं.

परवा मी ठाण्यात गेले. सगळं सांगितलं. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "मॅडम, तुमची पोरगी गेली, तुम्ही आराम करा. उमेंद्र तुमचा विद्यार्थी होय, त्याले वाचवून राहिले तुम्ही. आमच्याजवळ त्याच्याविरुद्ध रक्त आहे. तुमच्याविरुद्ध काय आहे?" स्टँडचं सांगितलं. म्हणाले, पाहू. अजून तलावात कोणी उतरलं नाही. गावात विचारावं तर 'अज्ञात जमावा'तलं कोण बोलेल? आयुष्यभर मी जे बोलले ते लोकांनी खरं मानलं, आणि पहिल्यांदा शंभर टक्के खरं बोलले तर कोणी मानायला तयार नाही.

पण तुझ्याजवळ आहे. कॉलेजपासून तू माझं प्रत्येक भाषण फोनमध्ये घेत आला आहेस. पंधरा डिसेंबरलाही पहिल्या रांगेत तुझ्या गुडघ्यावर फोन होता आणि त्यावर लाल ठिपका चालू होता. मी तो पाहिला. तू पोलिसांना जबाब दिलास, 'माझा फोन बंद होता, काय बोललं गेलं ते मला गोंधळात ऐकू आलं नाही.' तू खोटं बोललास, बहिणीसाठी. त्या खोट्याच्या आडोशाला मी पन्नास दिवस जेवले, झोपले, शाळेत प्रकाशाचं परावर्तन शिकवलं. आणि उमेंद्रची मुलगी बापाशिवाय हिवाळा काढते आहे. तिलाही कधीतरी छातीत दुखेल, आणि दवाखान्यात न्यायला ऑटो असेल, चालवणारा नसेल.

त्या ध्वनिमुद्रणात माझं वाक्य आहे. "पडदे फाडा, यंत्र फोडा, आडवा येईल त्यालाही सोडू नका. मी पुढं चालते." त्यानंतर लगेच, तुझ्या अगदी शेजारून, उमेंद्रचा आवाज असेल. तो उभा राहून म्हणाला होता, "मॅडम, असं नका करू जी. त्या पोट्ट्यानं कोणाचं काय बिघडवलं?" मी त्याला म्हटलं होतं, "बस खाली, भेकडा." हे सगळं त्यात आहे. तू पन्नास दिवस ते खिशात घेऊन फिरतो आहेस. हिमांशु आपल्या पेशी जाळून आमच्या वाचवत होता. तू दुसऱ्याचा माणूस जाळून आपली वाचवतो आहेस. तुझाच नियम आहे ना, जळायची तर आपली? मग मी तुझी आहे, संघदीप.

तू मला म्हणालास, आजपासून तुझं भाषण ऐकणार नाही. एकदा ऐकावं लागेल. सोमवार, सतरा फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता गोंदियाच्या सेशन कोर्टात उमेंद्रच्या जामिनाची तारीख आहे. पुष्पांजली येईल. हिमांशुला मनिराम घेऊन येणार आहेत, मारणाऱ्याला आणि वाचवणाऱ्याला, दोघांना त्याला एकदा पाहायचं आहे म्हणून. मी पहिल्या बाकावर बसलेली असेन, तोंड बंद ठेवून.

तो फोन घेऊन ये, आणि माझी ती बावीस मिनिटं आणि त्यानंतरचा उमेंद्रचा आवाज न्यायाधीशांसमोर शेवटपर्यंत वाजव.

तुझी ताई
अल्का